दोन घरांमधले मूल

मंडळी, गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याने चौथीच्या मुलांना निबंध घातला, 'माझी दिवाळीची सुट्टी'. कोणी किल्ला केला होता, कोणी मामाच्या गावाला गेला होता, कोणी करंज्या किती खाल्ल्या त्याचा हिशेब दिला होता. एका मुलाच्या वहीत मात्र एकच ओळ होती. मी दिवाळीत कुठे होतो ते कोणाला सांगायचे नाही, असे मला सांगितले आहे.

या मुलाचे आईवडील दोन वर्षांपूर्वी कायद्याने वेगळे झालेले. मूल आईजवळ राहते. दिवाळीत ते वडिलांकडे जाऊन आले. पण तिथे काय झाले हे आईला सांगायचे नाही आणि इथे काय चालते ते वडिलांना सांगायचे नाही, अशी दोन्हीकडून ताकीद. नऊ वर्षांचे पोर. त्याने निबंधात तरी काय लिहावे? तो शिक्षक मला म्हणाला, "सर, या मुलाला किती गुण देऊ, हा प्रश्नच नाही. त्याच्या आईवडिलांना काय सांगू, ते सांगा."

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. मी कायद्याचा माणूस नव्हे. महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणारा मास्तर आहे. मग थोडे वाचले, जाणत्या वकिलांना विचारले, कौटुंबिक न्यायालयात समुपदेशन करणाऱ्यांशी बोललो. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. नवराबायको वेगळी झाल्यावर मुलाने कोणाकडे, कधी आणि किती दिवस राहावे याची आखणी कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

घटस्फोट चांगला की वाईट, या वादात मी शिरत नाही. हा प्रकार काही शहरांनी आणलेला नाही. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द आपल्या खेड्यांतलेच आहेत आणि कित्येक जातीजमातींत पंचांसमोर काडी मोडून वेगळे होण्याची चाल फार जुनी आहे. मुंबई प्रांताने 1947 साली हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा केला, 1955 साली हिंदू विवाह कायदा साऱ्या देशासाठी आला आणि 1976 साली त्यात परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोय झाली. नवराबायकोचे नाते याप्रमाणे कायद्याने तुटू शकते. परंतु आई आणि मूल, बाप आणि मूल हे नाते तोडणारे कलम घटस्फोटाच्या कायद्यात नाही. घटस्फोटाच्या कागदावर सही झाली तरी दोघे त्या मुलाचे आईबाप राहतातच. सगळी अडचण इथूनच सुरू होते, आणि खरे म्हणजे सगळा उपायही इथेच आहे.

अडचणीचे एक कारण आपल्या शब्दात आहे. आपण म्हणतो, "मुलाचा ताबा कोणाला मिळाला?" ताबा हा शब्द आपल्याला शेतीच्या कज्ज्यांतून ठाऊक. ज्याचा ताबा त्याची जमीन, दुसऱ्याने बांधाच्या आत पाऊल टाकायचे नाही! मुलाच्या बाबतीत हा शब्द वापरला की मनातही तोच भाव येतो. कोर्टाने मूल आईजवळ ठेवले म्हणजे बाप हरला, बापाजवळ ठेवले म्हणजे आई हरली. मग हरलेला अपील करणार आणि जिंकलेला कुंपण घालणार. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच एका निकालात बजावले होते की, मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत. या गोष्टीला पन्नास वर्षे उलटली, तरी ताबा काही आमच्या डोक्यातून जात नाही.

याऐवजी मी तुम्हाला तुमच्याच ओळखीचे दुसरे उदाहरण देतो. दोन भाऊ वेगळे होतात. जमिनीची वाटणी होते, घराच्या खोल्या वाटल्या जातात, भांडीकुंडीसुद्धा मोजून घेतात. पण विहीर? विहीर मधोमध भिंत घालून वाटता येत नाही. ती सामाईक राहते आणि वाटणीपत्रात पाण्याची पाळी लिहिली जाते. इतके दिवस थोरल्याचे, इतके दिवस धाकट्याचे, गाळ काढण्याचा खर्च निम्मा निम्मा. पुढे त्या भावांचे बोलणे बंद होते, एकमेकांच्या लग्नालाही ते जात नाहीत. पण सोमवार उजाडला की थोरला मोटार बंद करतो आणि धाकटा चालू करतो. का? त्यांच्यात प्रेम आहे म्हणून नव्हे, तर पाळी लिहिलेली आहे म्हणून. ती लिहिलेली नसती तर रोज सकाळी विहिरीच्या काठावर काठ्या निघाल्या असत्या.

मूल हे काही विहीर नव्हे, हे मलाही कळते. विहिरीला मन नसते. ती थोरल्याला पाणी देताना धाकट्याला काय वाटेल याचा घोर करीत नाही. मूल तो घोर करते, आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत पाळी लिहून ठेवणे अधिक गरजेचे आहे. पाळी ठरलेली नसेल तर दर शनिवारी, दर सणाला, दर सुट्टीला "तू कोणाकडे जाणार?" हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. आई म्हटले तर बाप दुखावतो, बाप म्हटले तर आई डोळे पुसते. मोठ्या माणसालाही न पेलणारी ही निवड आपण आठ-नऊ वर्षांच्या मुलावर टाकतो. वेळापत्रक लिहिलेले असले की मुलाला काही निवडावे लागत नाही. आज दुसरा शनिवार आहे, आज बाबांकडे जायचे, बस्स. त्यात आईचा अपमान नाही की बापाचा विजय नाही. आजचे माझे सगळे सांगणे या एका मुद्द्याभोवती आहे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. पालक व पाल्य अधिनियम 1890 सालचा आहे आणि तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू होतो. हिंदूंसाठी याखेरीज 1956 सालचा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. त्यात म्हटले आहे की, पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल सामान्यतः आईजवळ असावे. 'सामान्यतः' हा शब्द ध्यानात ठेवा; तशी कारणे असली तर न्यायालय वेगळेही ठरवू शकते. त्याच कायद्यात वडिलांना पहिला नैसर्गिक पालक म्हटले आहे, 'त्यांच्यानंतर' आई. पण 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने या 'नंतर' शब्दाचा अर्थ उलगडून सांगितला की, वडील हयात असूनही मुलाकडे पाहत नसतील किंवा त्याच्या जवळ नसतील तर आई पालक होऊ शकते. या साऱ्या कलमांच्या वर एक सूत्र आहे, ते म्हणजे मुलाचे हित सर्वांत आधी. आईचा हक्क, बापाचा हक्क हे सगळे त्या सूत्राच्या खाली येते. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याचे मतही विचारात घेऊ शकतात. पुष्कळदा ते मुलाला आपल्या दालनात बोलावून एकट्याशी बोलतात.

मूल एकाजवळ राहिले तरी दुसऱ्याशी त्याचा संबंध टिकला पाहिजे, हेही आता न्यायालये आग्रहाने सांगतात. केंद्रीय विधी आयोगाने 2015 साली आपल्या 257व्या अहवालात आईबापांनी संगोपन मिळून करण्याची, म्हणजे संयुक्त ताब्याची, सोय कायद्यात असावी अशी शिफारस केली. 2020 सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मुलाला आईचे आणि वडिलांचे, दोघांचेही प्रेम मिळाले पाहिजे. दूर राहणाऱ्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे तरी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलू द्यावे, असेही त्या निकालात आहे. आज खेडोपाडी फोन पोचला आहे, तेव्हा ही गोष्ट मुळीच अवघड नाही.

बरे, मग कागदावर काय लिहायचे? एक उदाहरण घेऊ. समजा, एक मुलगा आहे, वय वर्षे नऊ. त्याला आपण बंडू म्हणू. बंडू आईबरोबर तिच्या माहेरी राहतो आणि तिथल्याच शाळेत जातो. वडील तीस किलोमीटरवरच्या गावी असतात, शेती करतात. आता नुसते "वडिलांनी मुलाला अधूनमधून भेटावे" असे लिहिले तर काय होईल? अधूनमधून म्हणजे किती, यावरच भांडण. "दोघांच्या सोयीने" असे लिहिले तर सोय कधीच जुळणार नाही. म्हणून लिहायचे ते असे लिहावे: प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी 1 वाजता वडील बंडूला आजोळच्या घरातून नेतील, रविवारी संध्याकाळी 5 वाजता आणून सोडतील, वडिलांना येणे जमणार नसेल तर ते शुक्रवारी रात्रीपर्यंत फोन करतील. वार, वेळ, जागा, नेणारा कोण, आणणारा कोण, या पाच गोष्टी आल्या की निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत.

घरी गेल्यावर वादावादी होत असेल तर मुलाला नेण्या-आणण्याची जागा तिऱ्हाईत ठेवावी. एस.टी. स्टँडवरची चौकशीची खिडकी, दोघांना मानणाऱ्या एखाद्या मावशीचे घर, ग्रामपंचायतीची ओसरी, काहीही चालेल. तिथे दोन मिनिटांत मूल सोपवावे आणि आपापल्या वाटेने जावे. पोटगीची बोलणी, मागची उणीदुणी त्या दोन मिनिटांत काढायची नाहीत. त्या वेळी मुलाच्या एका हाताला आईचा हात असतो आणि दुसऱ्या हाताला वडिलांचा. तुमचा एकेक शब्द त्याच्या डोक्यावरूनच जाणार असतो.

सुट्ट्यांचे असेच करावे. मे महिन्याच्या सुट्टीचे सरळ दोन भाग पाडावेत, पहिला अर्धा एकाकडे, दुसरा अर्धा दुसऱ्याकडे. दिवाळीत धनत्रयोदशी ते लक्ष्मीपूजन एका घरी, पाडवा ते भाऊबीज दुसऱ्या घरी, आणि पुढल्या वर्षी उलट. सम सालाचा व विषम सालाचा नियम केला की लक्षात ठेवायलाही सोपे जाते. काही सण मात्र घराला बांधलेले असतात. वडिलांच्या घरी पिढीजात गणपती बसत असेल तर बंडूने आरतीला तिथे असावे. आजोळच्या देवाची जत्रा असेल तर त्या दिवशी त्याला तिथेच राहू द्यावे. सण हे मुलाचे, मोठ्यांच्या मानापमानाचे नव्हेत, एवढे धरून चालले की यातून वाट निघते.

वेळापत्रक आपल्या धंद्याच्या हंगामाकडे पाहून करावे, हे खेड्यात विशेष जरूर आहे. शहरातल्या नोकरदाराला रविवार मोकळा असतो. शेतकऱ्याला सुगीत रविवार कसला? मराठवाड्यातले ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जातात ते उन्हाळा लागेपर्यंत घरी येत नाहीत. अशा बापाला "दर पंधरा दिवसांनी भेट" लिहून दिली तर तो ती पाळू शकणार नाही आणि मग "त्याला मुलाची पर्वाच नाही" असा बोभाटा होईल. त्यापेक्षा हंगामात रोज संध्याकाळी ठरल्या वेळी फोन आणि हंगाम संपल्यावर सलग जास्त दिवस, असे लिहावे. पाळता येणार नाही असा करार कागदावर कितीही चांगला दिसला तरी मुलाच्या कामाचा नाही. ठरल्या शनिवारी ओट्यावर पिशवी घेऊन बसलेले मूल अंधार पडेपर्यंत वाट पाहते, आणि बाप येत नाही. यासारखे दुःख नाही.

मुलाचे वयही पाहावे लागते. अंगावर पिणाऱ्या किंवा नुकत्या चालू लागलेल्या मुलाला आईपासून चार-चार दिवस दूर ठेवणे योग्य नाही. तशा वयात भेटी थोड्या वेळाच्या पण वरचेवर असाव्यात, म्हणजे वडिलांचा चेहरा, आवाज, वास त्याच्या ओळखीचा राहतो. शाळेत जाणारे मूल एक-दोन रात्री दुसऱ्या घरी आनंदाने राहते. मात्र त्याचे पांघरूण, त्याची वही, त्याचे दप्तर यांची तिथे ठरलेली जागा हवी. पाहुण्यासारखे त्याला ओसरीत निजवू नये. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना मित्र असतात, सामने असतात, दहावीचे वर्ष जवळ येते. त्यांना विचारून वेळापत्रक सैल करावे. तेव्हा हा कागद एकदा लिहिला आणि पेटीत ठेवला असे नाही. दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा पाहायचा. न्यायालयाने दिलेला मुलासंबंधीचा हुकूमही परिस्थिती बदलली तर अर्ज करून बदलून घेता येतो.

पैशाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. शाळेची फी, वह्यापुस्तके, कपडे, औषधपाणी यांचा खर्च कोण किती देणार आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला देणार, हे त्याच कागदात लिहावे. पैसे हातात न देता बँकेच्या खात्यात भरावेत, म्हणजे दिले-नाही दिले याचा वाद राहत नाही. इथे एक मोठी चूक सर्रास घडते. पैसे आले नाहीत म्हणून आई भेट बंद करते, भेट मिळाली नाही म्हणून बाप पैसे बंद करतो. दोघांनाही वाटते आपण दुसऱ्याला धडा शिकवला. शिक्षा मात्र बंडूला होते. एकदा जेवणाची आणि एकदा बापाची. पैसे थकले तर त्यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज करता येतो, भेट अडवली तर त्यालाही वेगळी दाद आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या बदल्यात ठेवायच्या नाहीत. "मूल तुझ्याकडे ठेव, पण पोटगी मागू नको" असले सौदे तर मुळीच करू नयेत. मुलाच्या पोटाचा हक्क मुलाचा आहे, तो आईने किंवा बापाने सोडून देण्याची वस्तू नाही.

आणखी एक कलम आहे. ते कागदावर लिहा किंवा मनात लिहा, पण लिहा. मुलाला निरोप्या करायचे नाही आणि हेरही करायचे नाही. "तुझ्या बापाला सांग, पैसे पाठव म्हणावं." "तुझी आई कोणाशी बोलते गं फोनवर?" असे प्रश्न विचारणारी माणसे वाईट असतात असे नव्हे. ती दुखावलेली असतात. पण मूल परत आल्यावर त्याला "जेवलास का? काय काय केलंस? मजा आली का?" एवढेच विचारावे, आणि "हो, मजा आली" असे ते म्हणाले तर आपला चेहरा पडू देऊ नये. हे फार कठीण आहे, मंडळी. माझ्या मते साऱ्या करारातले सर्वांत कठीण कलम हेच. निबंधात एकच ओळ लिहिणारा तो मुलगा हे कलम न पाळल्यामुळेच मुका झाला होता.

आजीआजोबांना विसरू नका. आपल्याकडे मूल आईबापाइतकेच आजीच्या कुशीत वाढते. नवराबायको वेगळी झाली की एका बाजूचे आजीआजोबा एका रात्रीत परके होतात. त्यांच्याशी फोनवर बोलणे, सुट्टीत त्यांच्याकडे जाणे, हेही आखणीत घालावे. त्याचबरोबर आजीआजोबांनीही एक पथ्य पाळावे. नातवंडासमोर सुनेचा किंवा जावयाचा उद्धार करू नये. तुमच्या लेखी तो वाईट जावई असेल, पण बंडूचा तो एकुलता एक बाप आहे.

आता एक इशारा दिला पाहिजे. आतापर्यंत मी सांगितले ते दोघेही पालक मुलाला सुरक्षित ठेवू शकतात असे धरून सांगितले. जिथे मारहाण आहे, दारू पिऊन धिंगाणा आहे, मुलाच्या अंगाला अपाय होण्याची भीती आहे, तिथे समसमान वाटणीचा आग्रह धरू नये. 2005 सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याप्रमाणे न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात आणि भेटीमुळे मुलाला धोका असेल तर भेट नाकारूही शकतात. तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली भेट हाही एक मधला मार्ग असतो. मूल संकटात आहे असे दिसले तर 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. तो कोणीही फिरवू शकतो. मात्र केवळ दुसऱ्यावर राग आहे म्हणून खोटा धोका सांगू नये. खोटे एकदा उघडे पडले की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

हा कागद पक्का कसा करायचा? काही ठिकाणी अजून मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारतात आणि काम झाले असे समजतात. एवढ्याने कायद्याचा घटस्फोट होत नाही. जमातीची जुनी रूढी कायदा मानतो, पण ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. मुलासंबंधीचा करार तर न्यायालयापुढे ठेवलेलाच बरा. परस्परसंमतीचा अर्ज करताना, म्हणजे दोघे किमान एक वर्ष वेगळी राहिल्यावर, तडजोडीच्या शर्तींत हे वेळापत्रक लिहून दाखल करावे. न्यायाधीश ते मुलाच्या हिताचे आहे का हे पाहतात आणि मग ते हुकूमनाम्यात येते. मग ते पाळणे दोघांवर बंधनकारक होते. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे समुपदेशक असतात. वेळापत्रक बसवून द्यायला ते मदत करतात. जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायालयात काम चालते. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून अडून बसू नका. 1987 सालच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना व मुलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करावा. किंवा 15100 या क्रमांकावर विचारावे.

शेवटी माझ्या शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. दोन घरांमधल्या मुलाला तिसरी एक जागा असते, ती म्हणजे तुमचा वर्ग. ती तेवढी तरी शांत ठेवा. शाळेच्या नोंदवहीत आई व वडील दोघांचेही फोन नंबर असू द्यात. मात्र न्यायालयाचा काही हुकूम असेल तर त्याची प्रत मुख्याध्यापकांनी मागून घ्यावी आणि मूल कोणाच्या हाती सोपवायचे ते त्याबरहुकूम ठरवावे. हुकूमात मनाई नसेल तर प्रगतिपुस्तक दोघांनाही दाखवावे. पालकसभेला एकत्र येणे जमत नसेल तर वेगवेगळ्या वेळी बोलवावे. वर्षाच्या मधेच मूल दुसऱ्या गावी गेले आणि दाखल्यावरून ओढाताण सुरू झाली, तर 2009 सालचा शिक्षण हक्क कायदा ध्यानात असू द्या. आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. आणि वर्गात चारचौघांसमोर "तुझे बाबा कुठे असतात रे?" असे विचारू नका. मुलाला बोलायचे असेल तर ते तुमच्याकडे एकटे येईल. तेव्हा ऐकून घ्या. कोणाची बाजू मात्र घेऊ नका.

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढे काय केले, हे सांगून थांबतो. त्याने त्या मुलाच्या आईला आणि वडिलांना वेगवेगळ्या दिवशी शाळेत बोलावले. उपदेश केला नाही. दोघांपुढे एक कोरे कॅलेंडर ठेवले आणि म्हणाला, "यात मुलाचे दिवस भरा." वडिलांनी एका रंगाने खुणा केल्या, आईने दुसऱ्या. काही दिवसांवर दोन्ही रंग आले, तेवढ्यावर तालुक्याच्या ठिकाणी वकिलासमोर बसून बोलणी झाली. सगळेच मिटले असे नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांवरून अजून धुसफूस आहे. पण ते कॅलेंडर आता दोन्ही घरांच्या भिंतीवर आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी तो मुलगा कोणाला न विचारता आपली पिशवी स्वतः भरतो.

तुमच्या गावात, तुमच्या भावकीत असे एखादे घर असेल. आणि आज एकही घर नसलेले गाव कुठे आहे? तेव्हा त्या दोघांना एकत्र आणण्याचा खटाटोप जमला तर करा, नाही जमला तर सोडून द्या. पण एक कॅलेंडर आणि दोन रंगांच्या पेन्सिली मात्र त्यांच्यापुढे जरूर ठेवा.